वाचकांचे प्रश्न : ओतीव ‘३१६’ आणि घडीव ‘३१६’ यांचे रसायन वेगळे का?

प्रश्न : महोदय, दोंडाईचा परिसरात मक्यापासून स्टार्च तयार करणाऱ्या एका कारखान्याच्या भांडारात आलेला माल तपासण्याचे काम मी करतो. मका भिजवण्याच्या टाक्यांतील आम्लधर्मी पाणी ओढणाऱ्या पंपासाठी आम्ही एक ओतीव (साच्यात ओतून केलेली) बॉडी आणि तिला जोडायचा घडीव (तापवून ठोकून घडवलेला) फ्लँज, म्हणजे नळी जोडण्याची कडी, मागवला. खरेदीच्या ऑर्डरमध्ये दोन्हींपुढे ‘एसएस ३१६’ (३१६ ग्रेडचे स्टेनलेस पोलाद) एवढेच लिहिले होते. फ्लँजच्या टेस्ट सर्टिफिकेटमध्ये कार्बन ०.०३, मँगनीज १.६, सिलिकॉन ०.४, क्रोमियम १६.६, निकेल १०.३ आणि मॉलिब्डेनम २.१ टक्के असे आकडे आहेत. बॉडीच्या सर्टिफिकेटमध्ये कार्बन ०.०६, मँगनीज ०.९, सिलिकॉन १.१, क्रोमियम १९.०, निकेल ९.६ आणि मॉलिब्डेनम २.२ टक्के आहे. आमच्या तक्त्यातील ३१६ शी ताडून पाहता बॉडीतील क्रोमियम आणि सिलिकॉन जास्त, तर निकेल कमी भरते. फ्लँजला चुंबक चिकटत नाही, पण बॉडीला हलकी ओढ लागते. पुरवठादाराने निकेल वाचवले असावे म्हणून माल परत करावा, असे वरिष्ठांचे मत आहे. ‘ओतीवात असेच असते,’ असे पुरवठादार म्हणतो. यात बरोबर कोण?

उत्तर : आपण दिलेल्या आकड्यांवरून पाहता पुरवठादार बरोबर आहे आणि बॉडी परत पाठवण्याचे कारण दिसत नाही. ती बॉडी आपण घडीव मालाच्या तक्त्याशी ताडून पाहिली, आणि सगळा घोळ तेथे झाला आहे. ‘३१६’ हा क्रमांक मूळचा घडीव मालाचा, म्हणजे पत्रा, सळई, नळी आणि फोर्जिंग यांचा आहे. ओतीव मालाला स्वतःची नावे आणि स्वतःच्या मर्यादा आहेत. ३१६ च्या जोडीचा ओतीव ग्रेड सीएफ८एम म्हणून ओळखला जातो, आणि ३०४ च्या जोडीचा सीएफ८ म्हणून. साध्या पोलादात व्हॉल्व्हची ओतीव बॉडी डब्ल्यूसीबीची आणि तिचा घडीव फ्लँज ए१०५ चा असतो, हे आपल्या भांडारात रोज पाहायला मिळत असेल. त्या दोन नावांत कोणी गल्लत करत नाही, कारण ती दिसायलाच वेगळी आहेत. स्टेनलेसच्या बाबतीत मात्र बोलताना दोन्हींना ‘३१६’ म्हणण्याची सवय पडली आहे, आणि तीच सवय ऑर्डरच्या कागदावरही उतरते.

सीएफ८एम या नावातच बरीच माहिती आहे. पहिले अक्षर ‘सी’ म्हणजे गंजरोधक वापराचे ओतीव. उष्णतारोधक वापराच्या ओतिवांची नावे ‘एच’ने सुरू होतात. दुसऱ्या अक्षरावरून क्रोमियम आणि निकेल साधारण कोणत्या पट्ट्यात आहेत ते कळते. ‘८’ म्हणजे कार्बन जास्तीत जास्त ०.०८ टक्के, आणि शेवटचे ‘एम’ मॉलिब्डेनमसाठी आहे. कार्बन ०.०३ टक्क्यांच्या आत असेल तर हाच ग्रेड सीएफ३एम होतो, आणि तो ३१६एलच्या जोडीचा धरला जातो.

आता आपले आकडे योग्य तक्त्याशी ताडून पाहू. दाबाखालील भागांच्या ओतिवांसाठी एएसटीएम या मानकसंस्थेचे ए३५१ हे मानक वापरतात. त्यात सीएफ८एमसाठी क्रोमियम १८ ते २१ टक्के, निकेल ९ ते १२, मॉलिब्डेनम २ ते ३, सिलिकॉन जास्तीत जास्त १.५ आणि मँगनीजही जास्तीत जास्त १.५ टक्के अशा मर्यादा आहेत. आपली बॉडी यांतील प्रत्येक मर्यादेत बसते. घडीव फ्लँजसाठी एएसटीएम ए१८२ मधील एफ३१६ लागू होतो. त्यात क्रोमियम १६ ते १८, निकेल १० ते १४, मॉलिब्डेनम २ ते ३, सिलिकॉन जास्तीत जास्त १ आणि मँगनीज जास्तीत जास्त २ टक्के आहे, आणि आपला फ्लँज त्यात बसतो. उलट तपासणी केली तर आपला उत्तम फ्लँजसुद्धा सीएफ८एमच्या तक्त्यात नापास ठरेल, कारण त्यातील क्रोमियम १६.६ टक्केच आहे. दोन्ही वस्तू आपापल्या जागी बिनचूक आहेत.

मानकांनी मर्यादा वेगळ्या ठेवल्या, एवढ्यावर आपले किंवा आपल्या वरिष्ठांचे समाधान होणार नाही, आणि होऊही नये. त्या वेगळ्या का ठेवल्या हे एकदा नीट समजले की पुढच्या वेळी सर्टिफिकेट हातात घेतल्याबरोबर मालाची खरी अडचण कोणती आणि वरवरची कोणती हे ओळखता येते. म्हणून त्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो.

या कुळातील स्टेनलेस पोलादात दोन प्रकारची स्फटिकरचना संभवते. एक ऑस्टेनाइट, जिला चुंबक चिकटत नाही. दुसरी फेराइट, जिला चिकटते. क्रोमियम, मॉलिब्डेनम आणि सिलिकॉन हे घटक फेराइटकडे झुकवतात, तर निकेल, कार्बन, मँगनीज आणि नायट्रोजन ऑस्टेनाइटकडे. कोणत्या गटाचे पारडे किती जड आहे यावर धातूत फेराइट किती उरेल ते ठरते. मुख्य प्रश्न असा की फेराइट हवे की नको. आणि त्याचे उत्तर ओतकामात एक आहे, घडाईत अगदी उलट.

साच्यात ओतलेला रस बाहेरून आत गोठत जातो. गंधक आणि फॉस्फरस यांची अशुद्धी शेवटी गोठणाऱ्या थेंबांत साठत जाते आणि कणांच्या सीमांवर पातळ पापुद्र्यासारखी पसरते. धातू आकसू लागलेला असतो, साचा त्याला अडवत असतो आणि सीमेवरचा तो पापुद्रा अजून द्रवच असतो. अशा वेळी तडा जातो. पूर्ण ऑस्टेनाइट म्हणून गोठणाऱ्या धातूला हा धोका सर्वांत जास्त असतो. गोठताना आधी फेराइट तयार झाले तर बरीच अशुद्धी त्यात विरघळून राहते आणि तड्याची शक्यता खूपच घटते. म्हणून ओतकाम करणारा रसायन मुद्दाम असे जुळवतो की तयार ओतिवात साधारण ५ ते २० टक्के फेराइट राहावे. त्यासाठी क्रोमियम थोडे वाढवतो आणि निकेल थोडे उतरवतो. सिलिकॉन वाढवण्यामागे आणखी एक कारण आहे. त्याने रस पातळ वाहतो आणि बॉडीच्या बारीक, वळणदार पोकळ्यांत पोहोचेपर्यंत गोठत नाही. इंपेलरच्या (पंपातील फिरत्या चक्राच्या) पातळ पात्यांच्या कडा अर्धवट भरलेल्या, गोलसर राहिलेल्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना या एका टक्क्याचे मोल सांगावे लागत नाही.

घडाईत परिस्थिती उलट होते. फोर्जिंगचा तुकडा साधारण ११५० ते १२०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून हातोड्याखाली किंवा प्रेसखाली घेतात. त्या तापमानाला फेराइट आणि ऑस्टेनाइट यांची दबण्याची ताकद सारखी नसते, त्यामुळे दोन्ही सोबत असली तर घावाखाली त्यांच्या सीमांवर ताण साठतो आणि तुकड्याच्या कडा फाटू लागतात. पत्रा लाटतानाही हाच त्रास होतो. म्हणून घडीव ग्रेडमध्ये क्रोमियम खालच्या बाजूला आणि निकेल वरच्या बाजूला ठेवून धातू जवळजवळ पूर्ण ऑस्टेनाइटी ठेवतात. गोठताना थोडे फेराइट राहिले असले तरी तापवणे आणि घडवणे या क्रियांत ते बहुतेक विरून जाते. पोकळ्या आणि गोठण्यातली विषमताही घडाईत मोडून निघते, त्यामुळे ओतकाम करणाऱ्याला फेराइटकडून जे संरक्षण घ्यावे लागते त्याची घडीव मालाला गरज उरत नाही.

हा फरक आपल्याच आकड्यांत स्पष्ट दिसतो. अँटन शेफ्लर यांनी १९४९ मध्ये वेल्डच्या धातूसाठी जो आलेख प्रसिद्ध केला, त्यात फेराइटकडे झुकवणाऱ्या घटकांची ‘क्रोमियम-तुल्य’ बेरीज करतात : क्रोमियम, अधिक मॉलिब्डेनम, अधिक सिलिकॉनची दीडपट, अधिक नायोबियमची निम्मी. ऑस्टेनाइटकडे झुकवणाऱ्यांची ‘निकेल-तुल्य’ बेरीज म्हणजे निकेल, अधिक कार्बनची तीसपट, अधिक मँगनीजची निम्मी. आपल्या फ्लँजची क्रोमियम-तुल्य बेरीज १६.६ + २.१ + ०.६ म्हणजे १९.३ येते, आणि निकेल-तुल्य बेरीज १०.३ + ०.९ + ०.८ म्हणजे १२.०. बॉडीची क्रोमियम-तुल्य बेरीज १९.० + २.२ + १.६५ म्हणजे २२.८५, आणि निकेल-तुल्य ९.६ + १.८ + ०.४५ म्हणजे ११.८५. निकेलच्या बाजूने दोन्ही वस्तू जवळजवळ एकाच रेषेवर आहेत. सगळा फरक क्रोमियमच्या बाजूचा, सुमारे साडेतीन एककांचा आहे. निकेल वाचवल्याचा संशय या बेरजेपुढे टिकत नाही. निकेल महाग असल्याने फाउंड्री ते खालच्या मर्यादेजवळ ठेवते हे खरे. पण फेराइटसाठीही ते खालीच असावे लागते, आणि क्रोमियमचा वाढीव खर्च फाउंड्रीने केलेलाच आहे. ओतिवासाठी फेराइटचा नेमका अंदाज हवा असेल तर एएसटीएम ए८०० मध्ये दिलेले सूत्र वापरावे. त्यात नायट्रोजनही धरला जातो.

बॉडीला चुंबकाची हलकी ओढ लागते ती या फेराइटमुळेच. सीएफ८एमला चुंबक हलकेसे लागणे हे माल योग्य असल्याचे लक्षण आहे. उलट चुंबक अजिबात लागत नसेल तर फेराइट फारच कमी आहे असे समजून त्या ओतिवाची तड्यांसाठी अधिक बारकाईने तपासणी करून घ्यावी. चुंबक साध्या लोखंडासारखे झटकन आणि घट्ट चिकटले तर मात्र थांबावे आणि रसायन पुन्हा तपासून घ्यावे.

आपल्या टाक्यांतील पाण्यासाठी ही बॉडी चालेल का, हे आपण विचारले नसले तरी मनात असणार. मका भिजवण्याच्या पाण्यात सल्फर डायऑक्साइड विरघळवलेला असतो आणि ते साधारण ५० अंशांच्या आसपास कोमट ठेवतात. अशा पाण्यापुढे ३०४ च्या कुळापेक्षा मॉलिब्डेनम असलेले कूळ योग्य, आणि मॉलिब्डेनम आपल्या दोन्ही वस्तूंत सारखेच आहे. बॉडीतील थोडे फेराइट येथे अडचणीचे नाही. क्लोराइडयुक्त पाण्यात ताणाखाली जे बारीक तडे पडतात त्यांना उलट ते काही प्रमाणात अटकाव करते. फेराइट नको असते ती ठिकाणे वेगळी आहेत. युरियाच्या कारखान्यातील काही भागांत फेराइटच आधी झिजते, म्हणून तेथे जवळजवळ फेराइटविरहित धातू मागतात. सुमारे ४०० अंशांच्या वर दीर्घकाळ राहणाऱ्या भागांत ते हळूहळू ठिसूळ होते, आणि अतिथंड वायूंच्या कामात चिवटपणा कमी करते.

पुढच्या ऑर्डरबाबत माझा ठाम आग्रह आहे की ‘एसएस ३१६ कास्टिंग’ हे शब्द कायमचे बंद करावेत. ओतिवापुढे ‘एएसटीएम ए३५१, ग्रेड सीएफ८एम’ आणि घडिवापुढे ‘एएसटीएम ए१८२, ग्रेड एफ३१६’ असे पूर्ण लिहावे. भांडारातील तक्तेही दोन वेगळ्या पानांवर लावावेत. हातात धरायच्या क्ष-किरण बंदुकीने तपासणी करत असाल, तर तिच्या यादीत ओतीव ग्रेड भरलेले आहेत का ते आधी पाहावे. यादीत घडीव ग्रेडच असतील तर चांगल्या सीएफ८एमलाही ती ‘जुळत नाही’ असे दाखवू शकते. शिवाय ही बंदूक कार्बन मोजत नाही. त्यामुळे सीएफ८एम आणि सीएफ३एम यांतला फरक तिला कळणार नाही. त्यासाठी ठिणगी पाडून तपासणाऱ्या स्पेक्ट्रोमीटरसारखे कार्बन मोजणारे साधन लागते.

प्रश्न : धुळे एमआयडीसीत माझे छोटे वेल्डिंग वर्कशॉप आहे. पंपांच्या फुटलेल्या किंवा खाल्लेल्या सीएफ८एम बॉड्या दुरुस्तीला येतात. मी ३०८ची कांडी वापरून भरतो. काही महिन्यांनी वेल्ड आणि त्याच्या शेजारची पट्टी पुन्हा खाल्ली गेल्याची तक्रार येते. ३१६एलच्या पत्र्याची कामे मात्र वर्षानुवर्षे टिकतात. ओतीव मालच वेल्डिंगला वाईट असतो का?

उत्तर : ओतीव माल वेल्डिंगला वाईट नसतो. त्यात फेराइट असल्याने गरम तड्यांच्या बाबतीत तो पूर्ण ऑस्टेनाइटी घडीव मालापेक्षा अधिक सोसणारा असतो. वेल्ड म्हणजेही एक छोटे ओतकाम आहे, आणि म्हणूनच चांगल्या कांड्यांचे रसायन वेल्डमध्ये थोडे फेराइट राहील असेच बेतलेले असते. आपल्या तक्रारींची कारणे दोन दिसतात आणि ती वेगवेगळी हाताळावी लागतील.

पहिले कारण कांडी. ३०८ हे ३०४ च्या कुळासाठी आहे आणि त्यात मॉलिब्डेनम नाही. सीएफ८एमच्या बॉडीत ते २ टक्क्यांहून जास्त आहे. आम्ल किंवा क्षार असलेल्या पाण्यात आपला वेल्ड शेजारच्या धातूपेक्षा कच्चा ठरतो आणि आधी खाल्ला जातो. ई३१६एल-१६ची कांडी किंवा ईआर३१६एलची तार वापरली की हा दोष संपतो. ओतीव आणि घडीव भाग एकमेकांना जोडतानाही हीच चालते.

दुसरे कारण कार्बन, आणि ते शेजारच्या पट्टीच्या तक्रारीशी निगडित आहे. स्टेनलेस साधारण ४२५ ते ८७० अंशांच्या दरम्यान काही काळ राहिले की कार्बन आणि क्रोमियम मिळून कणांच्या सीमांवर क्रोमियम कार्बाइड तयार होते. त्या सीमांजवळचे क्रोमियम घटते आणि गंज तेथून शिरतो. आपण वाखाणलेल्या ३१६एलच्या पत्र्यात कार्बन ०.०३ टक्क्यांच्या आत असतो, त्यामुळे कार्बाइड फारसे तयार होत नाही. सीएफ८एममध्ये ०.०८ पर्यंत चालतो. आपली तुलना ओतीव विरुद्ध घडीव अशी दिसत असली तरी प्रत्यक्षात ती जास्त कार्बन विरुद्ध कमी कार्बन अशी झाली आहे. सीएफ३एमच्या बॉडीवर आपण काम केले असते तर अनुभव पत्र्यासारखाच आला असता.

कमी कार्बनचे ओतीव आपल्याकडे कमी का दिसते, हेही सांगायला हवे. पत्रा आणि सळई मोठ्या पोलाद कारखान्यांत तयार होतात. तेथे वितळलेल्या धातूतून ऑक्सिजन आणि आरगॉन फुंकून कार्बन ०.०३ च्या खाली सहज आणतात. म्हणूनच बाजारातील पुष्कळ घडीव माल ३१६ आणि ३१६एल अशा दोन्ही नावांनी प्रमाणित होऊन येतो. आपल्या भागातील लहान फाउंड्रीत इंडक्शन भट्टी असते. ती भंगार वितळवते, पण त्यातला कार्बन जाळून काढत नाही. जेवढा कार्बन भट्टीत घातला तेवढाच, किंबहुना थोडा जास्तच, बाहेर येतो. सीएफ३एम करायचे तर निवडक कमी कार्बनचे भंगार आणि शुद्ध मिश्रधातू घ्यावे लागतात आणि भाव त्याप्रमाणे वाढतो. त्यातही एक बारकावा आहे. साच्याची वाळू राळेने बांधलेली असेल तर तापलेल्या राळेतून कार्बन ओतिवाच्या कातडीत शिरतो. सर्टिफिकेटमधील कार्बन हा पळीभर रस वेगळ्या साच्यात घेऊन केलेल्या, तळहातात मावणाऱ्या जाडसर चकतीवर मोजलेला असतो. त्या चकतीचे तोंड घासून त्यावर ठिणग्या पाडतात, आणि करड्या डागांचे जे छोटे वर्तुळ उमटते तेवढ्यावरून सगळ्या हीटचे, म्हणजे एका वेळी वितळवलेल्या सगळ्या रसाचे, आकडे लिहिले जातात. बॉडीच्या कातडीत शिरलेला कार्बन त्यात येत नाही. दुरुस्तीपूर्वी खाल्लेला भाग ग्राइंडरने खोल घासून स्वच्छ धातूपर्यंत गेलात तर हा वरचा थरही निघून जाईल.

मोठी दुरुस्ती असेल तर वेल्डिंगनंतर बॉडी निदान १०४० अंशांपर्यंत सारखी तापवून, जाडीप्रमाणे त्या तापमानावर ठेवून, लगेच पाण्यात बुडवावी लागते. तसे केले की कार्बाइड पुन्हा विरघळते. फाउंड्रीतून निघतानाही प्रत्येक सीएफ८एम बॉडीवर हीच प्रक्रिया व्हायला हवी, आणि सर्टिफिकेटवर तिचा उल्लेख आहे का हे ग्राहकाने पाहायला हवे. आपल्याकडे भट्टी नसेल तर निदान बारीक कांडी, कमी अँपिअर आणि छोटे टाके वापरावेत, आणि पुढचा थर देण्यापूर्वी हात लावता येईल इतपत बॉडी निवू द्यावी. ग्राहकालाही स्पष्ट सांगावे की आम्लाच्या कामातील सीएफ८एम बॉडीची मोठी दुरुस्ती उष्णतोपचाराविना कायमची धरू नये. हे सांगितल्याने एखादे काम हातचे जाईल, पण तीच बॉडी पुन्हा पुन्हा दारात येण्यापेक्षा ते बरे.

प्रश्न : शहादा तालुक्यात आमच्या बागायतीला पाणी देणाऱ्या मोठ्या पंपाचा शाफ्ट ४१० चा आणि इंपेलर सीए१५ चा आहे. नवा इंपेलर घेताना विक्रेता सीए६एनएम सुचवतो आहे. हाही ओतीव-घडीव फरकाचाच प्रकार आहे का?

उत्तर : नाही, हे कूळ वेगळे आहे. ४१० आणि सीए१५ ही कडक करता येणारी, चुंबक घट्ट चिकटणारी, साधारण १२ ते १३ टक्के क्रोमियमची पोलादे आहेत. त्यांत फेराइट राखण्याचा प्रश्न येत नाही, म्हणून ओतीव आणि घडीव यांच्या रसायनातील अंतरही कमी आहे : घडीव ४१० मध्ये क्रोमियम ११.५ ते १३.५ टक्के आणि सिलिकॉन १ टक्क्यापर्यंत, तर ओतीव सीए१५ मध्ये क्रोमियम ११.५ ते १४ आणि सिलिकॉन दीड टक्क्यापर्यंत चालते. सिलिकॉनची वाढ येथेही रस नीट वाहावा म्हणून आहे.

सीए६एनएम ही सीए१५ ची सुधारलेली आवृत्ती म्हणता येईल. सीए१५ ओतताना आणि विशेषतः वेल्ड करताना तडे जाण्याची खोड आहे. ती घालवण्यासाठी कार्बन ०.०६ टक्क्यांच्या आत आणला, ३.५ ते ४.५ टक्के निकेल घातले आणि ०.४ ते १ टक्का मॉलिब्डेनम ठेवले. चिवटपणा बराच वाढला, आणि जलविद्युत केंद्रांतील टर्बाइनच्या रनरसाठी हा ग्रेड सर्रास वापरला जाऊ लागला. पावसाळ्यात नदीचे गढूळ, वाळूमिश्रित पाणी उपसायचे असेल आणि इंपेलर अधूनमधून वेल्डने भरून घ्यावा लागत असेल, तर विक्रेत्याचा सल्ला मानावा. जास्तीचा भाव पहिल्या दुरुस्तीतच वसूल होईल. शाफ्ट ४१० चाच राहू द्यावा.

प्रश्न : मी जळगावच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकतो. घडीव नेहमीच ओतिवापेक्षा श्रेष्ठ, असे वर्गात ऐकले. स्टेनलेसबाबतही ते खरे मानावे का?

उत्तर : सरसकट मानू नये. मानकांतील किमान ताण-सामर्थ्य पाहा : घडीव एफ३१६ साठी ५१५ मेगापास्कल, सीएफ८एमसाठी ४८५. किमान यील्ड, म्हणजे धातू कायमचा ताणला जाऊ लागतो तो ताण, मात्र दोन्हींसाठी २०५ मेगापास्कलच आहे. फरक आहे, पण ‘श्रेष्ठ’ या शब्दाइतका मोठा नाही. घडीव वस्तूत धातूचे प्रवाह उसाच्या तंतूंसारखे एका दिशेने गेलेले असतात. त्या दिशेने ती फार बळकट असते, आडवी थोडी कमी. ओतिवाचे गुण सगळ्या दिशांना जवळपास सारखे असतात. घडिवाचा मोठा फायदा आतल्या पोकळ्या दाबून बंद होण्यात आहे. ओतिवात पोकळ्या राहू शकतात, म्हणून महत्त्वाच्या कामात त्याची रेडिओग्राफी करून घेतात. दुसरीकडे, पंपाच्या बॉडीतील वळणदार जलमार्ग हातोड्याखाली घडवता येत नाही. तेथे ओतकामाला पर्याय नाही. परीक्षेत लिहिताना ग्रेड, आकार आणि वापर ही तिन्ही नावे घेतल्याशिवाय तुलना करू नका.

प्रश्न : स्वयंपाकघरातील ‘३०४’ छाप असलेल्या डब्याच्या तळाला चुंबक लागत नाही, पण कोपऱ्यांना किंचित लागते. तोही ओतीव असतो का, की फसवणूक झाली? — एक गृहिणी, अमळनेर

उत्तर : डबा पत्र्याचा, म्हणजे घडीव कुळातलाच आहे, आणि एवढ्यावरून फसवणूक म्हणता येणार नाही. पत्रा थंड असतानाच दाबून खोल वाकवला की वळणांवर ऑस्टेनाइटचा (चुंबक न धरणाऱ्या स्फटिकरचनेचा) काही भाग चुंबक धरणाऱ्या मार्टेन्साइट या वेगळ्या स्फटिकरचनेत बदलतो. हे गोठतानाचे फेराइट नाही. ते दाबकामातून आलेले आहे. मात्र चुंबक न लागणे हाही ३०४ चा पुरावा नव्हे. मँगनीज भरपूर आणि निकेल कमी असलेल्या २०२ सारख्या स्वस्त पोलादालाही चुंबक लागत नाही. खात्री हवी असल्यास भांड्यांच्या दुकानदाराकडे क्ष-किरण बंदुकीची सोय आहे का विचारावे. निकेल ८ टक्क्यांच्या आसपास आणि मँगनीज २ टक्क्यांच्या आत दिसले तर छाप खरी समजावी.